धवलारीण आत्या नि तिचा रुसलेला ब्रेक

चंद्राआत्या गेली, पण चार माणसं जमली की तिचीच गोष्ट निघते. चिरनेरच्या हळदीची. प्रत्येकाची वेगळी. कोण बोलतो गाडी गल्लीभर ढकलली, कोण बोलतो देवी अंगात आली नि गाडी चालू झाली. तिकडे वरती बसून आत्या कपाळाला हात मारत असेल. म्हणून जशी झाली तशी नीट सांगून ठेवलेली बरी.

चंद्रावती तिचं नाव, पण त्या नावाने तिला फक्त बँकेत हाक मारायचे. बाकी सगळ्यांची ती आत्या. माहेर गव्हाणचं, दिली पनवेलला. आवाज असा, की मिठागराच्या ह्या बांधावरून हाक मारली की त्या बांधावरचा माणूस दचकून खाली बसायचा. तो आवाज तिच्या सासूने, भामाआजीने, लग्न होऊन आली त्याच दिवशी हेरला. भामाआजी धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवले गाते नि गाण्यातून आमंत्रण देते. देवांना देते, गावदेवीला देते, नि घरातली जी माणसं गेली त्यांना नाव घेऊन देते, की या, तुमच्या पोरीचं लगीन हाय. तिने गायल्याशिवाय हळदीचं जातं फिरत नाय. भामाआजीने सगळे धवले सुनेच्या गळ्यात उतरवले नि मगच डोळे मिटले.

आता धवलारणीने गाडी कशाला चालवायची? त्याचं पण कारण हाय.

धवलारणीला न्यायला गाडी येते. मानाने, पुढच्या सीटवर बसवून. पण हळद झाली, गाणी झाली, मटण झालं, की न्यायला आलेला पोऱ्या कुठंतरी आडवा झालेला असतो. सोडायला कोण नाय. एकदा आत्या अशीच मांडवात बसून राहिली, नि शेवटी खुर्च्यावाल्याच्या टेंपोतून घरी आली. मागे, खुर्च्यांच्या थप्पीत, एक खुर्ची मोकळी करून तिच्यावर बसून. नाक्यावरच्या लोकांनी बघितलं. तुळशीमामा, म्हणजे तिचा नवरा, दारात उभा होता. तो बोलला, "काय गो, सिंहासन घेऊन आलीस?"

आत्याने खाली उतरून पदर झटकला नि बोलली, "मला गाडी शिकायची हाय."

तिच्या पोराची, प्रणितची, जुनी गाडी दारात धूळ खात होती. छोटी, क्लच नसलेली, बटणावर चालू होणारी. त्याने नवीन मोठी घेतली होती. शिकवली हलीमाने. हलीमा आमच्याच गल्लीतली, तिची जिवाची मैत्रीण. नवऱ्याबरोबर बरीच वर्षं कुवेतला राहून आलेली, तिथं गाडी चालवायची. सकाळच्या वेळी दोघी उलव्याच्या बाजूला जायच्या. नवीन रस्ते, हे एवढे रुंद, माणूस नाय, नुसती कुत्री. त्या कुत्र्यांना पण सवय झाली. आत्याची गाडी लांबून दिसली की आधीच उठून फूटपाथवर जाऊन बसायची.

लायसन आलं. आत्या आपल्या गाडीने लग्नाला जायला लागली नि आपल्या गाडीने परत यायला लागली. लोक बोलायचे, गाडीवाली धवलारीण आली.

पण ती पडली धवलारीण. बिना आमंत्रणाची काय चालू करेल? गाडीत बसायची, दार लावायची, नि बटण दाबायच्या आधी देवांची नावं घ्यायची. एक नाव घेतलं की एकदा ब्रेक दाबायचा, जसा गाण्याला ताल धरतात तसा. गावदेवी, एकवीरा आई, खंडोबा. तीन नावं, मग ब्रेक दाबून धरून बटण. हलीमा बोलायची, "अगो, ब्रेकच कशाला? हात जोड की." तर आत्या बोलायची, "पळवायला कोण पण पळवतो बाय. देव पायजे तो थांबवायला."

तीन नावांत कधी काय बिघडलं नाय.

आता चिरनेरचं. त्याच्या आदल्या लग्नसराईत बेलपाड्याला एका लग्नात लोकांनी धवले मोबाईलवर लावले. स्पीकर जोडला नि झाली हळद. आत्याला घरी साडी पाठवली, वर निरोप, की तुमी आता आराम करा. आत्याने ती साडी घडी न मोडता कपाटाच्या तळाला घातली. मामाने विचारलं, चांगली हाय ना, नेस की. ती बोलली, "ही साडी नाय, रजा हाय." दोन घास कमी जेवली, नि त्या लग्नसराईत तिला दुसरं बोलावणं काय आलं नाय.

मग चिरनेरहून गुणाबाईचा फोन आला. गुणाबाई म्हणजे आत्याची लहानपणीची गव्हाणची सखी, आता नातवंडांची आजी. तिच्या नातीचं, हेतलचं लगीन. गुणाबाई बोलली, "चंद्रा, आमच्या पोराने, दादूने, डीजे आणलाय. धवले पण त्या डीजेवाल्याच्या पेनड्राईव्हमधे हायत म्हणतो. मी त्याला सांगितलंय, जातं फिरेल तर चंद्राच्या गळ्यावर. तो बोलतो ठीक, ऊन उतरायच्या आत आली तर आली, नायतर मी पेनड्राईव्ह लावणार. येशील ना गो?"

"येते म्हणजे काय! तू हळद भिजवून ठेव."

बोलली खरी. पण इथं चुकलं तर सगळ्या गावांत पेनड्राईव्हच सुरू होणार, हे तिला कळत होतं. परत कोण बोलावणार नाय.

हळदीच्या दिवशी दुपारचं जेवण आवरून आत्या तयार. हिरवी नऊवारी, अंबाड्यात अबोली, पिशवीत नारळ. हलीमा पण यायची होती, ती घरी आवरत होती. मामा चप्पल शोधत होता. आत्या जाऊन गाडीत बसली. आज तीन नावांवर भागवणं तिला बरं वाटेना. गावदेवी घेतली, एकवीरा, खंडोबा घेतले. मग गव्हाणची देवी, माहेरची, तिला कसं सोडायचं. मग चिरनेरची, जिच्या दारात जायचं ती. मग वाटेतल्या फाट्यावरचा बापदेव. वेताळ. मरीआई. भामाआजी, कारण गळा तिचा. सासरा, कारण भामाआजी एकटी कशी येईल. मग वाटलं नवऱ्यामुलाकडचे देव आपल्याला ठाऊक नायत, ते रुसायला नको, म्हणून "तुमी जे कोण असाल ते" असं बोलून त्यांच्या वाटचे पण दाबले. नि दर नावाला ब्रेक.

मग बटण दाबलं.

गाडीतला रेडिओवाला बडबडायला लागला. इंजिन गप्प.

परत दाबलं. रेडिओवाला बंद. परत दाबलं, रेडिओवाला चालू. समोर पडद्यावर एक पाऊल काढल्यासारखं चित्र लुकलुकत होतं. आत्याने पाय रेटला, तर ब्रेक खाली जाईना. एरवी लोण्यासारखा जाणारा ब्रेक, आज पायाखाली पाटा ठेवल्यासारखा टणक.

आत्याच्या मनात पहिलं काय आलं? कोणाचं तरी नाव राहिलं. म्हणून तिने पहिल्यापासून सगळी नावं परत घेतली. सावकाश. दर नावाला ब्रेक. ब्रेक अजून कडक.

मामा चप्पल घालून आला. "काय गो, अजून हितंच?"

"ब्रेक खाली जात नाय."

"काल जात होता ना?"

"काल तुमी पण नीट बोलत होता."

मामाने वाकून बघितलं. त्याची अर्धी जिंदगी मिठागरावर गेलेली. मिठात लोखंड एका रात्रीत गंजतं, तिथं काय पण अडकलं की तेल. कडी अडकली तेल, कुलूप अडकलं तेल, सायकल, कात्री, सगळ्याला तेल. तो घरात गेला नि खोबरेलाची बाटली घेऊन आला. आत्या नको नको म्हणेपर्यंत ब्रेकच्या सांध्यावर नि पट्टीवर, नि थोडं आत्याच्या पायावर. आता ब्रेक कडक तो कडकच, वरून आत्याची चप्पल त्याच्यावरून सुळकन घसरून पलीकडे गेली.

"झालं?" आत्या बोलली. "आता भजी तळा."

तिने प्रणितला फोन लावला. तो साईटवर होता. बोलला, "आये, तू काय पण हात लावू नको. उद्या मेकॅनिक पाठवतो. तू रिक्षा कर."

"चिरनेरला कोण रिक्षा नेतो रं? तुझा बापूस जाऊन विचारून येईल, पण कोण येणार नाय. येताना रिकामी आणावी लागते त्यांना."

"मग मी इथून निघून येईपर्यंत संध्याकाळ होईल. राहू दे ना आये. त्यांच्याकडे पेनड्राईव्ह हाय म्हणत होतीस ना?"

प्रणितच्या लक्षात आलं आपण काय बोललो. तो आये, आये करत राहिला. आत्याने फोन मांडीवर उलटा ठेवला नि स्टिअरिंगला धरून गप्प बसली. मामा नाक्यावर गेला, तिथल्या सगळ्या रिक्षावाल्यांनी चिरनेरचं नाव ऐकून मान फिरवली. तो परत आला तेव्हा ती तशीच बसलेली. मामा नंतर सांगायचा, आपल्या लग्नात पण ती एवढी गप्प नव्हती.

तेवढ्यात हलीमा आली. जरीचा दुपट्टा, अत्तराचा घमघमाट, हातात मिठाईचा डबा. दार उघडलं नि नाक मुरडलं.

"अल्ला! गाडीला न्हाऊ घातलं काय ग?"

"तुझ्या ह्या भाईने घातलं," आत्या मामाकडे बोट करून बोलली. "हलीमा, गाडी गेली. माझी हळद गेली."

"रडू नको, काजळ उतरेल. सरक." हलीमा वाकली. गिअर बघितला, पार्किंगला होता. चावी पर्समधे होती. हेडलाईट लावून बघितला, झक्क. "बॅटरी मेली नाय. रेडिओ बोलतोय, दिवा लागतोय." मग ब्रेक हाताने दाबून बघितला नि आत्याकडे बघितलं. "चंद्रा, खरं सांग. कितीदा दाबलास हा?"

"नावं घेत होते."

"किती नावं?"

"आता देव काय मोजून बोलवायचे?"

हलीमाने डबा गाडीच्या टपावर ठेवला नि पोट धरून हसायला लागली. आत्या चिडली. "हसतेस काय मेले? माझा जीव चाललाय!"

"अगो, आमच्या शाहीदने हेच केलेलं. लहान होता. कुवेतला बंद गाडीत बसून ब्रेकवर नाचायचा, ड्रायवर ड्रायवर खेळायचा. नि मग मी बसले की ब्रेक दगड नि गाडी मुकी. आयक. इंजिन चालू असलं की ते एका डब्यातली हवा ओढून घेत राहतं. त्या ओढीवर ब्रेक हलका जातो. इंजिन बंद केलं तरी थोडी ओढ शिल्लक राहते, दोन-तीनदा दाबण्यापुरती. तुझे गावदेवी, एकवीरा, खंडोबा, बस, तेवढीच. तू आज सगळी जत्रा बोलावलीस. ओढ संपली. आता तो फक्त तुझ्या पायाच्या जोरावर. नि तो पुरता दाबला गेला नाय तर गाडीला वाटतं तू ब्रेकवर पायच ठेवला नाय, मग ती चालू होत नाय."

आत्या बघतच राहिली. "म्हणजे मी जेवढे देव बोलवले तेवढा मीच ब्रेक आवळला?"

"देवांना काय बोलू नको. त्यांना काय ठाऊक इंजिन बंद हाय."

मग कामाला लागले. मामाला जुनी चादर आणायला लावली नि त्यानेच ओतलेलं तेल त्यालाच पुसायला लावलं. पट्टी कोरडी ठणठणीत. आत्याने दोन्ही चपला काढल्या. हलीमाने तिची सीट पुढे सरकवली, पाठ टेकवली. "आता दोन्ही पाय ब्रेकवर. एकदाच. दाबत-सोडत बसायचं नाय, रेटून धरायचं. मी मागे जाऊन लाल दिवा बघते. दिवा लागला म्हणजे गाडीला ब्रेक कळला. मी ओरडले की बटण."

हलीमा मागे गेली. आत्याने रेटलं.

"लागला?"

"नाय! अजून!"

"लागला?"

"लुकलुकला नि गेला! जोर लाव ग, दुपारी जेवलीस ना?"

मामा खिडकीतून बोलला, "मी खांद्याला धरून ढकलू काय?"

"तुमी तेलाची बाटली घरात ठेवून या पयले."

आत्याने डोळे मिटले. धवल्यात एक जागा येते, जिथं आवाज वर नेऊन धरायचा असतो, पोटातून, बाकीच्या बाया मागून उचलेपर्यंत. भामाआजी तिला त्या जागेला पाठीत बुक्की मारायची, की गळ्यातून नको, बेंबीतून काढ. आत्याने तसा श्वास घेतला, पाठ सीटला टेकवली, दोन्ही पाय रोवले नि तो वरचा सूर सोडला.

समोरच्या बिल्डिंगच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. कबुतरं उडाली. मामाच्या हातातली बाटली पडली.

"लागला! लागला! लाल झाला! बटण दाब!"

सूर न सोडता आत्याने बटण दाबून धरलं. गाडी घुर्रर करून चालू झाली, नि त्याच वेळी तिच्या पायाखाली तो दगड मऊ झाला, ब्रेक आपसूक जरा खाली गेला. आत्या इतकी दचकली की सूर मधेच तुटला.

"खाली गेला ग!"

"जायलाच पायजे! तीच तर खूण हाय!" हलीमा धावत पुढे आली. "ओढ परत आली."

आत्या लगेच निघायच्या बेतात. पण हलीमाने तिचा हात धरला. "थांब. पयले गल्लीत बघायचं." गल्लीत हळू हळू नेलं, थांबवलं, परत नेलं, परत थांबवलं. ब्रेक नेहमीसारखा, हलका. मग हलीमा बोलली, "चालू झाल्यावर पण दगडच राहिला असता ना, तर मी तुला नाक्याच्या पुढे सोडलं नसतं. मग चुलीत गेली हळद. त्याला गॅरेजच लागतं."

"सोडलं नसतं म्हणे. मी तुला घेऊन गेले असते."

"तेच तर. म्हणून नसतं सोडलं."

निघाल्या. मामा मागे, मांडीवर नारळ नि मिठाईचा डबा. उरणच्या रस्त्याला कंटेनरची ही रांग. आत्या त्यांच्या मागून निवांत, बैलगाडीच्या चालीने. ऊन पिवळं व्हायला लागलेलं. हलीमा सारखी खिडकीतून सूर्याकडे बघायची, जसा काय तिचा रोजाच हाय. गव्हाण फाटा गेला, दिघोड्याच्या अलीकडे दादूचा फोन आला. आत्या गाडी चालवताना फोनला हात लावत नसे, हलीमाने घेतला.

"आत्या, कुठं हायस? बाया खोळंबल्यात. लावू काय?"

"मी हलीमा बोलते. गाडी गावात शिरली."

"कुठं? मी रस्त्यावरच उभा हाय."

"तू चुकीच्या रस्त्यावर उभा हायस," हलीमा बोलली नि फोन ठेवला. मग दोन्ही कानांना हात लावून तौबा केली.

चिरनेरला पोचल्या तेव्हा स्पीकर चालू झालेला. कोणीतरी बाई, कुठल्या तरी गावची, पेनड्राईव्हमधून धवले गात होती. आत्याने गाडी मांडवाच्या तोंडालाच आडवी लावली, दार उघडं टाकलं नि अनवाणीच आत गेली.

आत काय बघते, तर हळदीचं जातं मधोमध, सुपात हळकुंडं, नि गुणाबाई जात्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेली. दादू तिच्यासमोर उकिडवा.

"आये, उठ ना. पाहुणे बघतायत."

"बघू दे. मी पण त्यांना बघते."

"अगो, धवले लागलेत ना? तेच हायत. शब्द पण तेच."

"तेच काय?" गुणाबाईने स्पीकरकडे बोट केलं. "मग विचार तिला, तुझ्या बापसाचं नाव काय. सांगते काय बघ. ती सांगेल तर मी उठते."

स्पीकरमधली बाई आपली गात होती, तिला काय ठाऊक. आत्या मांडवाच्या खांबाशी उभी राहिली, पुढे जाऊ की नको असं झालं तिला. आधी नवरीनेच बघितलं. हेतल पाटावरून उठली, अंगावरची नवी साडी सावरत गेली नि स्पीकरची वायर उपटली.

"आजे, उठ," ती बोलली. "आली तुझी सखी."

गुणाबाईने मान वळवली. "मेले! किती उशीर!"

"आमंत्रणं देत होते," आत्या बोलली.

गुणाबाईला उठवायला दोन बाया लागल्या, गुडघे धरलेले. आत्या जात्याशी बसली. एका हाताने खुंटा धरला, समोर हेतलच्या आईने धरला. पदर डोक्यावरून घेतला नि गळा मोकळा केला. "पयला मान गो गावदेवीला, या माये मांडवाला." बायांनी मागून उचललं. जातं घरघरलं. हलीमा एका पाहुणीला सरकवून पुढे बसली नि टाळ्या धरायला लागली. देव झाले, देवी झाल्या. मग आत्याने घरातल्यांची सुरुवात केली, नि पहिलंच नाव घेतलं, "बुधाजी बाबा, कुठं हाव, नातीची हळद दळते."

बुधाजी म्हणजे गुणाबाईचा नवरा. दादूचा बापूस.

दादू डीजेवाल्याशी कायतरी वायरीचं बोलत उभा होता. तो बोलता बोलता थांबला. हातातली वायर तशीच धरून आला नि सगळ्या बायांच्या मधे, जात्याजवळ मांडी घालून बसला. कडवं संपलं तसा तो हळूच वाकून बोलला, "आत्या, बापसाचं नाव परत एकदा घेशील काय?"

"रांग हाय रं," आत्याने जातं न थांबवता सांगितलं. "बाकीचे पण आलेत." नि तिने पुढचं नाव घेतलं.